केळापूरहून जिद्दा किती लांब?

नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी फजरच्या सुमारास आमच्या अब्बांचा इंतकाल झाला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही धाकट्या भावाला जिद्दाला फोन लावला. तिकडे तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्याने झोपेतच फोन उचलला, ऐकून घेतले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मी निघतो."

सात वाजेपर्यंत अंगण माणसांनी भरले. गुस्लची तयारी, कफनाचे कापड, कबर खोदणाऱ्यांना निरोप, सगळे कुणी न सांगता सुरू झाले होते. तेवढ्यात बुजुर्गांपैकी एकांनी विचारले, "जिद्दाहून यायला किती वेळ लागतो?" सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. घरात शिकलेले आम्ही, त्यात शाळेत भूगोल शिकवणारे. नागपूर ते जिद्दा सरळ रेषेत सुमारे ४,१०० किलोमीटर, प्रवासी विमान ताशी साडेआठशेच्या आसपास उडते, म्हणजे पाच-साडेपाच तास. उत्तर तोंडाशी आले होते. पण ते खरे उत्तर नव्हे, एवढे आम्हालाही कळत होते. आम्ही गप्प राहिलो.

कुणी म्हणाले, बर्फाच्या लाद्या आणू, उद्यापर्यंत थांबू. कुणी म्हणाले, मय्यत ताटकळत ठेवू नये, शिवाय हा मे महिना आहे. पांढरकवड्याचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. अम्मी आतल्या खोलीत होत्या. त्यांना विचारायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी नऊ वाजता भावाचाच फोन आला. "तुम्ही थांबू नका. मला कधी निघता येईल ते मलाच माहीत नाही." जुम्याच्या नमाजनंतर जनाजा उठला.

भाऊ सोमवारी संध्याकाळी पाच वाजता घरी पोहोचला. परदेशी कामगाराला सौदीतून बाहेर पडून परत येण्याची परवानगी लागते. ती ज्यांच्याकडून निघायची ते शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीवर होते. रविवारी परवानगी मिळाली, रात्रीचे मुंबईचे विमान मिळाले, सोमवारी दुपारी नागपूर आणि तिथून भाड्याची गाडी. फोन लावल्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत ८३ तास. पुढे एकदा, झोप येत नव्हती म्हणून, आम्ही हिशेब मांडून पाहिला. मुंबईमार्गे हवेतले ४,२०० आणि नागपूर ते घर १५० किलोमीटर, भागिले ८३. ताशी बावन्न किलोमीटर. आपली लाल एसटी साधारण याच वेगाने जाते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे अम्मींना घेऊन उमऱ्याला गेलो, तेव्हा हाच रस्ता उलट्या दिशेने केला. त्या प्रवासाविषयी लिहायचे म्हणून बसलो, पण सुरुवात ही अशी झाली.

आधी आमच्या गावाविषयी, कारण नकाशात शोधणारा हमखास चुकतो. तालुक्याचे नाव केळापूर. तहसील, कचेऱ्या, बाजारपेठ, एसटी स्टँड सगळे पांढरकवड्यात. केळापूर हे जवळचेच छोटे गाव, जगदंबेच्या देवळासाठी प्रसिद्ध. नवरात्रात तिथे लांबलांबून माणसे येतात, तेलंगणातूनही येतात. पांढरकवड्याजवळून खुनी नदी वाहते. नाव ऐकून बाहेरचा माणूस दचकतो, आम्हाला त्याचे काही वाटत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग इथूनच जातो. जुना ७ नंबरचा, आता ४४ नंबरचा, श्रीनगरहून थेट कन्याकुमारीला. बाकी तालुका कापसाचा आणि सोयाबीनचा. वाघ पाहायला टिपेश्वरला येणारे पर्यटक अलीकडे वाढले आहेत.

भावाच्या पासपोर्टवर पत्ता 'तालुका केळापूर' असा आहे. पहिल्यांदा कामावर गेला तेव्हा सोबतच्या लोकांनी विचारले, हे कुठे आले? नागपूरजवळ, तो म्हणाला. नागपूर कुठे? शेवटी त्याने सांगितले, हैदराबादच्या अलीकडे साडेतीनशे किलोमीटर. तेव्हा सगळ्यांना कळले. सौदीत हैदराबाद ठाऊक नसलेला माणूस सापडत नाही.

आता वाटांविषयी. इथून जिद्दाला जायच्या तीन वाटा. नागपूरहून विमानाने मुंबई आणि तिथून जिद्दा. नागपूरहून शारजा किंवा दोहा आणि तिथून जिद्दा. किंवा गाडीने हैदराबाद गाठून तिथून थेट जिद्दा. नातेवाईक, शेजारी, चहाच्या टपरीवरचे जाणकार, प्रत्येकाचे म्हणणे वेगळे. "शारजाहून म्हणजे केवढा वळसा!" असे तर चौघांनी तरी सांगितले.

म्हणून आम्ही शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला आणि त्यावर दोरा धरला. नागपूर आणि जिद्दा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या थोडे वर. सपाट नकाशावर पाहिले तर वाट सरळ पश्चिमेची. पण गोलावर दोरा ताणला की तो मध्ये उत्तरेकडे कलतो. नागपूरहून निघालेला आमचा दोरा राजकोटवरून, द्वारकेजवळून समुद्रात उतरला, ओमानच्या रास अल-हद्द या टोकापाशी अरबस्तानच्या भूमीला लागला, रुब अल-खालीच्या वाळवंटाच्या अंगाने ताइफवरून जिद्दाला पोहोचला. बरोबर अर्धी वाट ओमानच्या त्या टोकाजवळच संपते. विमाने हुबेहूब याच रेषेने जात नाहीत, त्यांचे हवाई मार्ग ठरलेले असतात. पण अंतराचा अंदाज यायला दोरा पुरतो.

दोऱ्याने आणि नंतर कागदावर मोजले तेव्हा आम्हीच चकित झालो. सरळ वाट ४,१०० किलोमीटरच्या थोडी पुढे. शारजामार्गे सुमारे ४,१६०. मुंबईमार्गे सुमारे ४,२००. हैदराबादहून थेट जिद्दा, तेही ४,१०० च्या आसपास, वर साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता. म्हणजे शारजाचा तो 'केवढा वळसा' पन्नास किलोमीटरच्या आतबाहेरचा. शारजा उत्तरेकडे आहे खरे, पण दोराही उत्तरेकडेच कलतो ना. वाट कुठलीही घ्या, जमिनीवर मोजले तर सारखीच. फरक पडतो तो थांबण्याचा. विमान बदलायचे म्हणजे बसून राहायचे, आणि ते किती हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.

हैदराबादचे थेट विमान सगळ्यात सोयीचे होते. पण आधी सहा-सात तास गाडीत बसणे अम्मींच्या कंबरेला झेपले नसते. मुंबईला विमानतळाच्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत सामान ओढत जावे लागते असे ऐकले. शारजा ठरले.

हजच्या मोसमात मात्र नागपूरहूनच विमाने जातात. यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा, अमरावतीकडच्या हाजींना त्याची केवढी सोय झाली हे आधीच्या पिढीला विचारावे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे भारतातून हजला कुणालाच जाता आले नाही. २०२२ मध्ये देशभरात दहाच निघण्याची ठिकाणे ठेवली गेली, त्यात नागपूर नव्हते. महाराष्ट्रात एकटी मुंबई उरली होती. पुढच्या वर्षी नागपूर परत आले, पण भाडे मुंबईपेक्षा बरेच जास्त, आणि त्यावरून मोठी ओरडही झाली. अंतर पाहाल तर मुंबईपेक्षा सहाशे किलोमीटर, तासाभराचे उड्डाण अधिक. पण भाडे काही किलोमीटरवर ठरत नाही. हजचे विमान माणसे सोडून रिकामे परतते, आणि परतीच्या वेळी रिकामे आणायला जाते. प्रवासी कमी तितका तो खर्च प्रत्येकाच्या डोक्यावर अधिक. हे समजते. तरी आयुष्यभर कापूस वेचून पैसे साठवणाऱ्या म्हाताऱ्याला ते समजावून सांगणे अवघड आहे.

आमचे दादा जहाजाने गेले होते. तेव्हा हजची जहाजे मोगल लाइनची, मुंबई बंदरातून सुटायची. इथून मोटारीने रेल्वेपर्यंत, रेल्वेने मुंबई, तिथे मुसाफिरखान्यात मुक्काम, जहाजाची तारीख येईपर्यंत वाट पाहणे, मग आठवड्याहून अधिक समुद्र. जाऊन परत यायला तीन महिने लागले, असे दादी सांगायच्या. निघताना दादांनी गावातल्या प्रत्येक घरी जाऊन बोललेचालले माफ करून घेतले होते, ज्यांचे देणे होते ते चुकते केले होते आणि ज्यांच्याशी बोलणे बंद होते त्यांच्याही दारात उभे राहिले होते. परत येणे गृहीत नव्हते. पोहोचल्याचे पत्र आले तेव्हा हज होऊनही गेली होती. मुंबई-जिद्दा समुद्रमार्ग २,३०० सागरी मैलांचा, म्हणजे ४,२०० किलोमीटरच्या थोडा वर. दादा गेले ते अंतर आणि आम्ही गेलो ते अंतर यांत फार फरक नाही. १९९५ मध्ये 'अकबर' हे जहाज हजसाठी जाणे थांबले आणि ती वाट बंद झाली.

आम्हीही निघण्याआधी लोकांना भेटलो, कहा-सुना माफ म्हणालो. पण परतीचे तिकीट खिशात असताना ते शब्द तेवढे जड पडत नाहीत, हे कबूल करायला हवे.

आमच्या हिशेबाने प्रवास असा झाला. संध्याकाळी मगरिब घरी पढून सात वाजता निघालो. सामान दोनदा तोलले होते, कारण अम्मींनी धाकट्यासाठी ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, मिरचीचा ठेचा आणि आंब्याचे लोणचे बांधले होते आणि त्यातले काही काढा म्हटले की त्यांचे डोळे भरत. शेवटी आमचेच कपडे कमी केले. कापसाची वेचणी सुरू झाली होती. रस्त्यावर कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना दिसत होत्या, बाभळीच्या काट्यांना उडालेला कापूस लटकला होता. करंजी, वडकी मागे पडले, वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि जिल्हा बदलला.

हिंगणघाटजवळ इशासाठी थांबलो. चार रकात फर्जऐवजी दोन. अम्मींनी विचारले, "आत्तापासूनच कसर?" हा प्रश्न रास्त होता. हनफी मसलकात मूळ माप किलोमीटरचे नाहीच, ते वेळेचे आहे. माणूस मध्यम चालीने तीन दिवसांत जेवढे जाईल तेवढे अंतर. पुढे आपल्याकडच्या उलमांनी ते ४८ मैल धरले, साधारण ७७ किलोमीटर. जायचे ठिकाण त्याहून लांब असेल तर आपली वस्ती सोडली की माणूस मुसाफिर. पांढरकवड्याहून यवतमाळ सत्तरेक किलोमीटर, म्हणून यवतमाळला कोर्टकचेरीच्या कामाला जाऊन दिवस मोडला तरी आपण मुसाफिर नाही. नागपूरला गेलो तर आहोत. अब्बांना हा मसला फार आवडायचा. यवतमाळहून थकून आले की म्हणायचे, थकवा पूर्ण, सवलत शून्य.

हिंगणघाटला आणखी एक गोष्ट आहे, जी शाळेत सांगितली की मुले कान देतात. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळून हिंदुस्थानची जमीन मोजायला घेतली. साखळीने पाया मोजायचा आणि पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचे. वीस वर्षे तो माणूस दक्षिणेतून उत्तरेकडे मोजत आला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथे आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले. ज्याने अंतर मोजण्यात आयुष्य घालवले तो नागपूरच्या अलीकडे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर थांबला. आम्ही तिथे दोन रकात पढून, चहा पिऊन पुढे निघालो.

पावणेअकराला नागपूर विमानतळ. विमान पावणेचारचे. पाच तास खुर्च्यांवर. अम्मींना व्हीलचेअर मिळाली, त्या तस्बीह घेऊन बसल्या. रात्रीच्या या विमानतळाची एक जुनी गोष्ट आम्हाला ठाऊक होती. १९४९ मध्ये सरकारने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास या चार ठिकाणांहून विमाने रात्री निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. देशाच्या मध्यावर असण्याचा तो फायदा. चार दिशांची पत्रे इथे तासा-दोन तासांत एकमेकांना भेटून जायची. आम्ही मात्र पाच तास.

विमान पश्चिमेकडे जाते तेव्हा पहाट लांबते. घड्याळात सात वाजले तरी खिडकीबाहेर नुसती करडी रेघ. घरी एव्हाना ऊन पडले असणार. शारजाला उतरलो तेव्हा आपले सव्वासात आणि तिथले पावणेसहा. विमानतळावरच्या नमाजखान्यात धावतपळत फजर मिळाली. मग पुन्हा बसणे, सहा तास. त्या वेळात आम्ही गुस्ल करून एहराम बांधला. अम्मींनी विचारले, "आता किती राहिले?" सतराशे किलोमीटर, आम्ही म्हणालो. "ते नको, तास सांग." आम्ही तास सांगितले. अंगणात नऊ वर्षांपूर्वीही तासच विचारले होते.

शारजा ते जिद्दा तीन तास. मीकातची सूचना विमानात देतात. आपल्याकडून जहाजाने जाणाऱ्यांची मीकात यलमलम. दादी सांगायच्या की जहाजाने भोंगा वाजवला आणि सगळ्या डेकवर एकदम पांढरे कपडे दिसू लागले, असे दादा सांगत. विमानाने पूर्वेकडून जाणारे ताइफजवळच्या कर्न अल-मनाजिलच्या अंगाने जातात. जमिनीवर जिथे माणूस उतरून, थांबून, नियत करून पुढे जाई, ती रेषा विमान श्वास घेईपर्यंत ओलांडते. म्हणून सूचना आधीच होते आणि नियत त्याआधी केलेली बरी. आमच्या पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ झोपले होते. त्यांच्या नातवाने त्यांना हलवून उठवले. ते दचकून उठले आणि पहिला शब्द तलबियाचाच निघाला. मग सगळे विमान त्या आवाजाने भरले. अम्मींचा आवाज आम्हाला वेगळा ओळखू येत होता. या क्षणाचे वर्णन आम्ही करणार नाही. जे गेले आहेत त्यांना गरज नाही, जे जाणार आहेत त्यांना अल्लाह ते लवकर दाखवो.

जिद्दाच्या घड्याळात पावणेदोनला उतरलो. कागद तपासून, सामान घेऊन बाहेर यायला साडेतीन. भाऊ दारात उभा होता. त्याची खोली विमानतळापासून पाऊण तासावर, पण तो सकाळी दहापासून आलेला. अम्मींना पाहून तो खाली वाकला, व्हीलचेअरच्या दांडीला धरून तसाच बसून राहिला. आम्ही ट्रॉली घेऊन थोडे पुढे जाऊन उभे राहिलो. नंतर त्याच्या मित्राच्या गाडीने मक्का, दीड तास. पोहोचलो तेव्हा तिथले पाच, मगरिबला थोडा अवकाश होता.

घरापासून मक्केपर्यंत साडेचोवीस तास. त्यातले हवेत साडेसहा, रस्त्यावर सव्वापाच, आणि तीन विमानतळांवर बसून पावणेतेरा. वर्गात 'नागपूर ते जिद्दा, ४,१०० किलोमीटर, वेग इतका, तर वेळ किती?' असे गणित घालतो, त्याचे उत्तर पाच तास येते आणि मुलांना पूर्ण गुण देतो. ते गणित आता तसेच घालावे की नाही, हे ठरत नाही.

हरमसमोर उभे राहिल्यावर दोऱ्याची आठवण पुन्हा आली. आपल्याकडे किब्ला म्हणजे पश्चिम अशी सोपी समजूत आहे. पांढरकवड्यासाठी हिशेब केला तर दिशा पश्चिमेपासून सुमारे नऊ अंश उत्तरेकडे येते. मक्का आपल्या गावापेक्षा जेमतेम दीड अंश उत्तरेला असूनही. कारण तेच, पृथ्वी गोल आहे आणि सरळ वाट वाकते. लांब राहणाऱ्यांना दिशा पुरते, अंशाचा काटेकोरपणा नको, अशी सवलत उलमांनी दिलेली आहेच. पण हजार वर्षांपूर्वी अल्बेरुनीने गझनीहून मक्केची नेमकी दिशा काढण्यासाठी शहरांमधली अंतरे आणि रेखांश यांचा केवढा खटाटोप केला होता. आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकते ते मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि ती आजच्या आकड्याच्या फार जवळ आली. हातात मोबाइल नाही, विमान नाही. किब्ला विचारायला त्याला पृथ्वी मोजावी लागली.

पुढचे बारा दिवस मक्का आणि मदीना. भाऊ सुट्टीच्या दिवशी यायचा. एकदा तो एकटाच गेला आणि अब्बांच्या नावे उमरा करून आला. आम्हाला आधी सांगितले नव्हते. डोके मुंडन केलेले पाहून अम्मींनी विचारले, तेव्हा बोलला. अम्मींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढेच. जनाज्याच्या त्या दिवसाविषयी आमच्या घरात कुणी बोलत नाही. थांबायला हवे होते असे तो म्हणत नाही, थांबलो नाही ते बरोबर होते असे आम्हीही म्हणत नाही.

अम्मींनी हातातले घड्याळ तिकडे गेल्यावरही बदलले नाही. अडीच तास पुढेच ठेवले. आपा मुलांना घेऊन घरी होती, तिचे आणि मुलांचे काय चालले असेल ते त्या घड्याळाकडे पाहून सांगायच्या. "आत्ता ती शाळेचा डबा करत असेल." हरममध्ये तेव्हा तहज्जुदची वेळ असायची.

परतीला वारा पाठीशी असतो, विमान लवकर पोहोचते. नागपूरला रात्री सव्वादोनला उतरलो. सामान हलके, रस्ता मोकळा, हिंगणघाट झोपलेले. वडकीच्या पुढे अम्मींना जाग आली, खिडकीची काच खाली करून त्यांनी कापसाच्या शेतांचा वास घेतला. घरी पोहोचलो तेव्हा मशिदीतून फजरची माणसे परतत होती. आपाने दार उघडले, मुले उठून बसली, आणि त्या गडबडीत आम्ही भावाला फोन लावला. सुखरूप पोहोचलो हे सांगायचे होते. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

"कौन गया?"

आम्ही घड्याळ पाहिले. पाच चाळीस.

"कुणी नाही रे. पोहोचलो. अम्मी चहा पीत आहेत."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. अम्मींनी आमच्या हातातून फोन घेतला, त्याला झोप म्हणाल्या, ठेवला, आणि आमच्याकडे वळून रागावल्या, "तिथे तीन वाजलेत. एवढे शिकलात, हे कळत नाही?"